पिल्लाच्या भुकेची तारीख

मे महिन्यात भर दुपारी बिरसीच्या माळावर टिटवी अंड्यांवर बसलेली दिसली, तर ती अंडी उबवते आहे असं समजू नये. ती अंडी गार ठेवत असते. गोंदियाचा पारा त्या दिवसांत 44-45 अंशांना टेकलेला असतो, उघडी जमीन 60 च्या घरात तापलेली असते आणि अंड्यातल्या जिवाला हवे असतात जेमतेम 37-38 अंश. त्याहून चार-पाच अंश जास्त, तेही थोडा वेळ राहिले, की खेळ संपला. म्हणून टिटवी पिसं फुलवून, पंख जरा सैल सोडून अंड्यांवर नुसती सावली धरते. मग उठते. थेट पाण्याकडे उडत नाही. आधी दहा-वीस पावलं मान खाली घालून चालते, थांबते, इकडेतिकडे बघते, उगाच एखादा किडा टिपल्यासारखं करते आणि मगच पंख उघडते. बोडीच्या काठाला उथळ पाण्यात ती बसकण मारते, अंग डावीउजवीकडे हलवून छातीपोटाची पिसं चिंब करते आणि तशीच निथळत परत येते. येतानाही तीच आडवळणाची चाल. ओलं पोट अंड्यांवर टेकलं की थोडा वेळ निभावतं. पोट वाळलं की पुन्हा फेरी. नर आणि मादी आळीपाळीने हे काम करतात आणि अंडी फुटायला 28 ते 30 दिवस लागतात.

कुणाही शहाण्या माणसाला इथे एक प्रश्न पडावा. एवढं सोसायचं कशाला? नोव्हेंबर-डिसेंबरात याच माळावर हवा कशी छान असते, तळ्यांत पाणी असतं, ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं. तो हंगाम सोडून या पक्ष्याने वैशाखवणवा का निवडावा?

बिरसी हे त्या प्रश्नासाठी फार सोयीचं गाव आहे. गोंदिया तालुक्यातलं, कामठ्याजवळचं. इंग्रजांनी 1940 मध्ये, महायुद्धाच्या दिवसांत, इथे धावपट्टी बांधली. पुढे तिचा विमानतळ झाला, वैमानिक घडवणारी संस्था आली आणि 2022 पासून प्रवासी विमानंही उतरू लागली. कुंपणाच्या आत आखूड गवताचा विस्तीर्ण माळ आणि बाहेर खातिया, परसवाडा, झिलमिली या गावांच्या धानाच्या बांध्या, बोड्या आणि तलाव. थोडं पलीकडे गेलं की मध्य प्रदेशाची हद्द सांगणारी बाघ नदी आणि ती जिला मिळते ती वैनगंगा. दक्षिणेकडे नागझिरा आणि नवेगावबांधचं जंगल. म्हणजे उघडा माळ, शेतातलं पाणी, नदीची रेती आणि झाडी, चारही तऱ्हेची घरं एका दिवसाच्या फेरीत. या चारही घरांत वीण होते, पण एकाच वेळी होत नाही. आणि वेळेतला हा फरक लक्षात आला की टिटवीच्या दुपारचा उलगडा व्हायला लागतो.

उलगडा असा, की पक्षी स्वतःच्या सोयीचा ऋतू बघत नाही, अंड्यांच्या सोयीचाही बघत नाही. त्याच्या सगळ्या हंगामाची मांडणी एका तारखेवरून मागे मोजत झालेली असते. ती तारीख म्हणजे पिल्लाची भूक सर्वांत मोठी होईल तो दिवस. त्या दिवशी घास मिळाला पाहिजे. अंडी कधी घालायची, घरटं कधी बांधायचं, नराने गायला कधी लागायचं, हे सगळं त्या दिवसातून वजा करत करत ठरतं. घरट्याच्या दिवसांत हाल झाले तर झाले.

टिटवीचाच हिशोब करून पाहा. एप्रिलच्या मध्याला घातलेली अंडी मेच्या मध्याला फुटतात. टिटवीचं पिल्लू अंड्यातून येतं तेच डोळे उघडे, अंगावर लव आणि पाय चालते घेऊन. आईबाप त्याला चारा भरवत नाहीत. राखण करतात, सावली देतात, घारीवर धावून जातात आणि अगदीच बाका प्रसंग आला तर पंख मोडल्याचं सोंग करून शत्रूला लांब नेतात. पोट मात्र पिल्लाने स्वतःचं स्वतः भरायचं. उडता यायला त्याला साधारण पाच-सहा आठवडे लागतात. आता पंचांग काढा. 25 मेच्या सुमाराला रोहिणी लागते, तिच्याबरोबर आपल्याकडचा नवतपा, आणि 7-8 जूनला मृग. पिल्लू चोच मारायला शिकतं तेव्हा वळवाच्या एक-दोन सरी येऊन गेलेल्या असतात. त्याची हाडं भरायला लागतात तेव्हा माती मऊ होते, वाळवीला पंख फुटतात, भुंगेरे निघतात, गांडुळं वर येतात. कोवळ्या चोचीने मिळवता येईल असा घास वर्षात एवढा मुबलक कधी नसतो.

शिवाय जागेचा मुद्दा आहेच. टिटवीचं घरटं म्हणजे जमिनीतला नुसता खळगा, भोवती चार खडे. चहूबाजूंनी लांबवरचं दिसलं पाहिजे, ही तिची एकमेव अट. जुलैत त्याच माळावर गवत गुडघ्याला लागतं आणि खळग्यात पाणी साचतं. सगळ्याच टिटव्या मृगाच्या आत उरकतात असं नाही. त्यांचा हंगाम मार्चपासून ऑगस्टपर्यंत पसरलेला असतो आणि अंडी गेली तर जोडी पुन्हा घालते. पण कोरड्या, खडकाळ माळाला चिकटून राहणारी तिची धाकटी बहीण, पिवळ्या गाठीची माळटिटवी, हा हिशोब जास्त काटेकोरपणे पाळते. रातवा आणि धाविक यांचंही तसंच. उघड्या जमिनीवर अंडी घालणारे हे सगळे उन्हाशी टक्कर घेतात, कारण पुढचं संकट उन्हापेक्षा मोठं असतं.

नदीवर हा हिशोब जागेपासूनच सुरू होतो. वैनगंगेच्या पात्रात फेब्रुवारीनंतर रेतीची बेटं उघडी पडायला लागतात. चारही बाजूंनी पाणी आणि मध्ये रेती, म्हणजे कोल्ह्याकुत्र्याला तिथवर जाणं अवघड. नदी सुरय तिथे अंडी घालतात, आणि महाराष्ट्राच्या पूर्वेकडच्या नद्यांवरच दिसणारी नदी टिटवीसुद्धा. बेटं पावसाळ्यापर्यंत टिकणार, तेव्हा पिल्लं उडून जायची मुदत ठरलेली. आणि घास? नदी आटत जाते तसे मासे डोहांत आणि उथळ धारांत कोंडले जातात. वरून सूर मारणाऱ्या सुरयाला ऑगस्टच्या गढूळ लोंढ्यात जो मासा दिसलाही नसता, तो एप्रिलच्या नितळ पाण्यात सहज हाती लागतो. आपल्याला जो नदीचा दुष्काळ वाटतो तो सुरयाच्या पिल्लाचा सुकाळ आहे.

झाडांवरचा हिशोब फळांवर आणि अळ्यांवर चालतो. गावातल्या जुन्या वडा-पिंपळावर फेब्रुवारीपासून तांबटाची टुकटुक सुरू होते. तो स्वतः ढोली कोरतो. राखी धनेश मात्र तयार ढोली शोधतो आणि त्याचा संसार एकदा पाहिला की माणूस विसरत नाही. मादी ढोलीत शिरते आणि आपली विष्ठा आणि माती यांनी तोंड लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट तेवढी उरते. आत गेल्यावर तिची उडायची पिसंही गळतात, म्हणजे मनात आलं तरी उडता यायचं नाही. पुढचे कित्येक आठवडे ती आणि नंतर पिल्लं पूर्णपणे नराच्या चोचीवर जगतात. नर झाडाजवळ आला की आधी शेजारच्या फांदीवर बसतो. चोच रिकामी दिसते. आपल्याला वाटतं, हात हलवत आला. मग मान झटकून तो गळ्यातून एक पिंपळाचं फळ चोचीच्या टोकावर आणतो आणि फटीतून आत देतो. मग दुसरं. मग तिसरं. एकेक करून गळ्याच्या पिशवीतून फळं निघत राहतात, आणि मध्येच एखादा सरडाही निघतो. या काळात नर मेला तर आतल्यांचं काही खरं नसतं. इतका मोठा जुगार पक्षी खेळतो तो उन्हाळ्याच्या भरवशावर. वड, पिंपळ, उंबर यांची सगळी झाडं एकाच वेळी फळत नाहीत. एक संपतं तोवर दुसरं पिकलेलं असतं, आणि मार्च ते जून या काळात धनेशाच्या भागात कुठे ना कुठे फळ असतंच. गावाने रस्ता रुंद करताना चार जुनी वडाची झाडं तोडली आणि त्याबदल्यात चारशे रोपं लावली, तरी धनेशाच्या जमाखर्चात ती भर पडत नाही. रोपाला ढोली नसते आणि फळही नसतं.

इथे हिशोबाला एक काळी बाजूही आहे. कावळा एप्रिल ते जून घरटं करतो. का? कारण त्या दिवसांत बुलबुल, होले, दयाळ, चिरक, कोतवाल, हळद्या या सगळ्यांची अंडी-पिल्लं झाडाझाडांत असतात. एकाची पिल्लं हा दुसऱ्याच्या पिल्लांचा घास. शिक्राही त्याच बेताने आपली वीण जुळवतो, कारण नुकतं उडायला शिकलेलं बुलबुलाचं पोर पकडायला सोपं. हळद्या पुष्कळदा कोतवालाच्या शेजारी घरटं बांधतो. कोतवाल भांडकुदळ, कावळ्याला अंगणात उभा करत नाही, आणि हळद्याला त्याच्या दरवानीचा फुकट फायदा. आणि कोकीळ? तिला तर स्वतःचा हिशोबच करायचा नसतो. कावळ्याने केलेला हिशोब ती उचलते. कावळिणीची अंडी घरट्यात असतील तेच दिवस कोकिळेच्या अंड्यांचे. नर कोकीळ मार्चपासून घसा फोडतो तो आमराईच्या मोहोरासाठी नव्हे, आम्ही त्याला वसंताचा दूत वगैरे करून ठेवलं आहे ते आमचं आमच्यापाशी. पावश्याचंही तेच. 'पेरते व्हा' हे आपण ऐकतो. तो आपल्या मादीला आणि दुसऱ्या पावश्याला बजावत असतो, आणि त्याचं पिल्लू वाढणार असतं सातभाईच्या घरट्यात.

पिल्लाच्या भुकेवरून मागे मोजायची ही कल्पना माझी नाही. ऑक्सफर्डच्या डेव्हिड लॅक या पक्षीशास्त्रज्ञाने 1940 आणि 50 च्या दशकांत ती ठामपणे मांडली. तिथल्या वायथमच्या जंगलात ग्रेट टिट नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्याच्या घरट्यांची नोंद 1947 पासून आजतागायत चालू आहे. ओकच्या कोवळ्या पानांवर अळ्यांचा बहर जेमतेम काही आठवडे असतो, आणि त्या बहराला पिल्लं घरट्यात असतील असं जुळवून मादी अंडी घालते. हवा तापत गेली तशी पालवी आणि अळ्या लवकर यायला लागल्या, आणि वायथमच्या पक्ष्यांनीही अंडी घालायची तारीख 1960 च्या दशकाच्या तुलनेत सुमारे दोन आठवडे अलीकडे आणली. हॉलंडमध्ये मात्र याच पक्ष्याला ते नीट साधलं नाही. अळ्या पुढे गेल्या, पक्षी मागे राहिले.

अर्थात पक्षी बोटं मोजत नाही. टिटवीला जून ठाऊक नाही. हे मोजलं आहे ते पिढ्यांनी. ज्या जोड्यांची पिल्लं नेमकी मुबलक घासाच्या दिवसांत वाढली त्यांची जगली, अवेळी घालणाऱ्यांची मेली, आणि वेळ साधणारा स्वभाव मागे उरला. एका पक्ष्याला एका वर्षात हवी असते ती फक्त खूण. एक खूण म्हणजे दिवसाची लांबी. युरोपात हिवाळ्याचा आणि उन्हाळ्याचा दिवस यांत जमीनअस्मानाचा फरक. गोंदियाच्या अक्षांशावर तो सुमारे अडीच तासांचाच, पण पक्ष्याच्या शरीराला तेवढाही पुरतो. दिवस वाढायला लागला की आतल्या ग्रंथी जाग्या होतात, नराला कंठ फुटतो. मात्र ती झाली तयारी. अंडं प्रत्यक्ष घालायचा निर्णय बहुतेकदा दुसऱ्या, जवळच्या खुणेवर होतो: रेती उघडी पडली का, फळ धरलं का, पाणी आलं का. युरोपातल्या पक्ष्याला ऊब खुणावते. आपल्याकडे उबेची टंचाई कधीच नसते, इथे बहुतेकांना पाणी खुणावतं. कुणाला ते आटताना, कुणाला भरताना.

सारस हा भरणाऱ्या पाण्याचा पक्षी. महाराष्ट्रात तो आता उरला आहे तो मुख्यतः या गोंदिया जिल्ह्यात आणि शेजारच्या भंडाऱ्यात, आणि हद्दीपलीकडे बालाघाटात. परसवाडा आणि झिलमिलीच्या तलावांवर तो दिसावा म्हणून लोक कॅमेरे घेऊन एप्रिल-मेमध्ये येतात आणि दिसलाच तर खूश होऊन जातात. साडेपाच-सहा फूट उंचीचा, लाल डोक्याचा हा पक्षी त्या दिवसांत आटत्या तळ्याच्या चिखलात कंद उकरताना दिसतो. जोडीचं नाचणं, एका सुरात ओरडणं हेही दिसू शकतं. पण घरटं नाही. टिटवी जिवाच्या आकांताने पोट भिजवत असते तेव्हा तिच्यापासून हाकेच्या अंतरावर सारस आरामात आहे, कारण त्याची तारीख वेगळी आहे. त्याचं घरटं म्हणजे पाण्यात रचलेला गवताचा, लव्हाळ्याचा ढीग. भोवती पाणी नसेल तर कुत्रं चालत येऊन अंडी खाईल. पिल्लाला हवेत बेडूक, किडे, गोगलगायी, पाण्यातले कंद. हे सगळं मिळतं पाऊस स्थिरावल्यावर, धानाची रोवणी चालू असताना किंवा उरकल्यावर. म्हणून जुलै-ऑगस्टात दोन अंडी, महिन्याभराने पिल्लं, आणि धान निसवतो तेव्हा आईबापांच्या पायाशी चालणारी तपकिरी पोरं. अडई, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, बांधीतल्या गोगलगायींवर जगणारा उघड्या चोचीचा करकोचा हे सारे याच दुसऱ्या पाळीचे. सुगरणही, कारण तिच्या नराला विणायला हिरवी, लवचीक पाती लागतात आणि पोरांना कोवळे किडे.

दोन पाळ्यांच्या सांध्यावर येतो नवरंग. हिवाळा दक्षिणेत आणि श्रीलंकेत काढून तो मेच्या अखेरीस नागझिऱ्या-नवेगावच्या झाडीत दाखल होतो आणि पहाटे-संध्याकाळी दोन सुरांची शीळ घालायला लागतो. तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेलेल्या माणसांना ती शीळ चांगली परिचयाची. जंगल तेव्हा अजून करपलेलं असतं. नवरंग पाऊस पडल्यावर निघाला असता तर पालापाचोळ्यातल्या किड्यांचा पहिला, सर्वांत चांगला लोट त्याच्या हातचा गेला असता.

आता गावातली समजूत. बिरसीकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला उलटा प्रश्न केला होता, "टिटवीनं अंडी बांधीत घातली का धुऱ्यावर, ते सांगा बा. मंग मी पाऊस सांगतो." उंचावर अंडी म्हणजे पाऊस जोरात, खोलगटात म्हणजे कमी, आणि अंडी चार म्हणजे चार महिने पाऊस. दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांतही ही बातमी फोटोसकट येते. टिटवी बहुधा चारच अंडी घालते, तेव्हा त्या गणिताने दरवर्षी चार महिने पाऊस पडायला हवा. जागेचंही तसंच. जोडीला जिथे नजर मोकळी मिळाली तिथे तिने खळगा केला. कुणी त्या वेळी बांधीत नांगर घातलेला असेल तर ती धुऱ्यावर गेली. ही समजूत भाकीत म्हणून फोल आहे. पण ती हसण्यावारी नेऊ नये. ज्याने कुणी ती पहिल्यांदा बोलून दाखवली त्याच्या लक्षात एक गोष्ट नक्की आली होती, की उन्हाळ्यात घातलेलं अंडं पावसाच्या नावावर असतं.

अडचण होते ती आपण खुणा बदलतो तेव्हा. गोंदिया जिल्ह्यात उन्हाळी धानाचा पेरा आता नेहमीचा झाला आहे. इटियाडोह, पुजारीटोला यांसारख्या धरणांचं आणि विहिरी-बोअरचं पाणी मिळालं की फेब्रुवारीत रोवणी होते आणि मेमध्ये कापणी. म्हणजे ज्या काळात शिवार कोरडं असायचं त्या काळात पाण्याने भरलेल्या हिरव्या बांध्या. टिटवीला पोट भिजवायला पाणी जवळ मिळतं, बगळ्यांना बेडूक मिळतात. हे बरंच झालं म्हणावं तर त्याच टिटवीने जानेवारीत कोरडी पाहून ठेवलेली बांधी फेब्रुवारीत चिखल होते, आणि मेमध्ये कापणीयंत्र येतं. राजस्थानात आणि उत्तर प्रदेशात कालव्याच्या पाण्यावर सारसांनी पावसाळ्याबाहेरही घरटी केल्याच्या नोंदी आहेत. महिना त्याला बांधत नाही, पाणी बांधतं, याचा याहून चांगला पुरावा नाही. पण कालव्याचं पाणी पाळीने सुटतं आणि पाळीने बंद होतं. पाऊस खुणेबरोबर पुढचे तीन महिने घेऊन येतो. कालवा नुसती खूण देतो, पुढचं वचन देत नाही. शिवाय सारसाच्या नशिबी बांधीतली कीटकनाशकं आणि वरून जाणाऱ्या विजेच्या तारा आहेतच. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली, त्यामागे याच गोष्टी होत्या.

नदीवरची गोष्ट आणखी सरळ आणि आणखी वाईट. सुरयाला बेट हवं असतं फेब्रुवारी ते मे. रेतीघाटांवर उपसा जोरात चालतो तोही याच काळात, कारण पात्र तेव्हाच उघडं असतं. ट्रॅक्टर अंड्यांवरून जातो आणि चालवणाऱ्याला कळतही नाही, कारण रेतीसारखं दिसणं हाच त्या अंड्यांचा सगळा बचाव. पात्रातल्या टरबुजाच्या आणि डांगराच्या वाड्या वर्षानुवर्षं आहेत. त्यांच्याशी सुरयांनी कशीबशी जागा वाटून घेतली होती. यंत्रांशी तसं वाटून घेता येत नाही. त्यातून वरच्या धरणाचं पाणी एप्रिलमध्ये सोडलं की एका रात्रीत बेट पाण्याखाली जातं. हे पाणी सोडणं टाळता येणार नाही हे मी समजू शकतो, गावांना प्यायला पाणी लागतं. पण बेटांवर घरटी कुठे आहेत याची यादी कुणाच्या टेबलावर असेल तर किती सोडायचं, कधी सोडायचं यात थोडं मागेपुढे करता येईल. अशी यादी सरकारी कचेरीत बसून होत नाही. ती दुर्बीण घेऊन नदीवर जाणाऱ्यांनीच करायची असते.

आणि म्हणून पक्षी बघणाऱ्यांच्या वहीबद्दल माझी एक तक्रार आहे. आपल्या नोंदी बहुतेक नावांच्या आणि आकड्यांच्या असतात. आज बिरसीला इतक्या जाती, त्यांत अमुक एक नवी. हिवाळ्यात ते ठीक आहे, कारण तेव्हा पाहुणे मोजायचे असतात. मार्च ते जूनमध्ये मात्र 'टिटवी 2' या नोंदीला फारसा अर्थ नाही. टिटवी काय करत होती? पोट भिजवून कुठे गेली? वेडा राघू चतुर पकडून तिथेच गिळत होता की चोचीत धरून धुऱ्याच्या कडेतल्या बिळाकडे नेत होता? चोचीत घास धरून न खाता बसलेला पक्षी म्हणजे जवळपास पिल्लं, हे शंभरांत नव्वद वेळा खरं. चोचीत पांढरी पुडी घेऊन घरट्यातून निघालेला बुलबुल पिल्लांची विष्ठा बाहेर टाकायला चालला आहे, म्हणजे पिल्लं अजून लहान आहेत. नीलपंखाची जोडी हवेत कोलांट्या घेत होती की मुकाट्याने एका वाळक्या शिंदीच्या ढोलीत ये-जा करत होती? या क्रियांसमोर तारीख लिहिली आणि दहा वर्षं तीच तारीख लिहीत राहिलं, की बिरसीच्या माळाची पिल्लाच्या भुकेची तारीख सरकते आहे का ते कळेल. वायथममध्ये लोकांनी वेगळं काही केलेलं नाही. ते थांबले नाहीत एवढंच.

हे बघायला घरट्याजवळ जावं लागत नाही, आणि जाऊ नयेच. टिटवी तुमच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडत असेल तेव्हा अंडी उन्हात उघडी पडलेली असतात. फोटोसाठी दहा मिनिटं तिथे उभं राहणं म्हणजे काय, हे आता सांगायला नको. झाडाच्या सावलीत, शंभर-सव्वाशे पावलांवर बसावं, ती परत जाईल. विमानतळाच्या कुंपणाच्या आत तर आपण जाऊच शकत नाही. विमानाच्या सुरक्षेसाठी तिथलं गवत कापून आखूड ठेवलं की टिटवीला हवी तशी मोकळी नजर तिथे आयती मिळते, आणि मग तिलाच हुसकावण्यासाठी माणसं नेमावी लागतात. विमानाला पक्ष्याची धडक ही गंमत नव्हे, ती माणसं आपलं काम करतात. पण बाहेरच्या पडीक जमिनी प्लॉट पाडून संपत चालल्या, तर ती आत येणारच.

जूनमध्ये, पाऊस पडायच्या आत, गोंदियात सारसांची मोजणी होते. वनविभाग, 'सेवा' ही गोंदियाची संस्था आणि गावोगावचे स्वयंसेवक पहाटे तळ्यांवर आणि बांध्यांवर ठरलेल्या जागा धरून बसतात. ही वेळ मुद्दाम निवडलेली आहे. पाणी मोजक्या तळ्यांत उरलेलं असतं, पक्षी तिथे येतात, धान उभा नसल्याने ते लांबून दिसतात, आणि गेल्या पावसाळ्यातलं पिल्लू अजून आईबापांबरोबर असतं. त्या पिल्लाची मान आणि डोकं अजून पूर्ण लाल झालेलं नसतं. मोजणाऱ्याने एकूण आकड्याआधी ते बघावं. एका जोडीबरोबर एक तपकिरी डोक्याचं पोर उभं असेल, तर मागच्या ऑगस्टात कुणाच्या तरी बांधीत घरटं झालं, तिथे पाणी टिकलं, औषध मारताना शेतकऱ्याने तेवढा तुकडा सोडला आणि पिल्लाला वेळेवर बेडूक मिळाले, एवढ्या सगळ्या गोष्टी घडल्या होत्या. नुसती जोडी असेल तर यांतली कुठली तरी एक घडली नाही. ती कुठली, हे त्या शेतकऱ्याला विचारलं तर तो सांगतो. बांधी त्याची असते आणि तारीखही त्याच्या लक्षात असते.